वाळू की डांबर

"काका, प्लेटवाला की गिअरवाला, एकच काय ते बोला. आज ऑर्डर टाकली तरच गणपतीच्या आत पार्ट हातात पडेल."

चिंचपोकळीच्या आपल्या गॅरेजात सुशांत हात पुसत उभा होता. गुणाजी जीपच्या मागच्या चाकाकडे बघत राहिले. शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर त्यांची बायको कमल बसली होती, पाठीला पट्टा आणि मांडीवर हॉस्पिटलची पिशवी. दोघं परळहून परस्पर इकडे आले होते.

लिलावात घेतलेली ही जुनी लष्करी जीप म्हणजे गुणाजींची सगळी ऐट. लालबागच्या त्यांच्या गल्लीतला गणपती गिरगाव चौपाटीला निघाला, की त्याची गाडी याच जीपला जोडायची. हा मान त्यांना कुणी लिहून दिलेला नव्हता, पण मिल सुटल्यावर माणसाजवळ दुसरं होतं तरी काय? गेल्या अनंत चतुर्दशीला ऐन वाळूत जीपचं मागचं एक चाक रुतलं. ते जागच्या जागी गरगर फिरत राहिलं आणि दुसरं ढिम्म हलेना. शेवटी बाजूच्या गल्लीतल्या जगदीशने ट्रॅक्टर लावून बाप्पाला ओढलं. वर सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, आता घरी बसून टीव्ही बघा." ते गुणाजींच्या फार जिव्हारी लागलं. यंदा मंडळाने बजावलं होतं, जीप सुधारा, नाहीतर मान जगदीशचा.

म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये बसवायचं हे लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल, त्याचे हे दोन प्रकार. सुशांतने पुन्हा एकदा समजावलं.

"दोघांचं काम सेमच आहे. एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. प्लेटवाला मी कडक सेट करून देतो, वाळूत एक नंबर. पण रोज रस्त्यावर चालवाल तर वैताग. प्रत्येक वळणावर मागनं थरथरणार, हिसका देणार. गिअरवाला एकदम मख्खन, बसवलाय ते कळणार पण नाय. पण वाळूत एक चाक अगदीच हलकं पडलं, की तो हात वर करतो."

"मधलं काय नाय?"

"मधलं घ्याल तर दोन्हीकडे रडाल."

गुणाजींचं तळ्यात की मळ्यात सुरू झालं. भाजी घेतानासुद्धा दोनदा मागे फिरणारा माणूस, इथे तर एका बाजूला देव होता.

दुसऱ्या बाजूला कमल होती. कॅन्सर तिच्या मणक्यात उतरला होता. रेडिएशनचा शेक घ्यायला तिला रोज परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. लालबाग ते परळ अंतर ते केवढं, पण प्रत्येक हिसका तिच्या पाठीत कळ उठवायचा. गुणाजी जीप कासवासारखी चालवत आणि मागच्यांच्या शिव्या मुकाट गिळत. आत मात्र ते जात नसत. पहिल्याच दिवशी तिथे त्यांना भोवळ आली होती. "एक पेशंट पुरे," असं म्हणून कमलने त्यांना बाहेरच ठेवलं. फाटकाशी गाडी थांबवू देत नाहीत, म्हणून ती येईपर्यंत ते आसपासच्या गल्ल्यांतून घिरट्या घालत.

पण अलीकडे ती बाहेर यायची ती हसतच. पूर्वी शेक झाला की घरी येऊन आडवी व्हायची, आता तसं नव्हतं. बाकावरच्या बायांपैकी कुणाची सून कशी आणि कुणाचा जावई काय करतो, हे वाटेत रंगवून सांगायची. शेक लागू पडतोय, असं गुणाजी गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटले होते.

"काकी, बरं वाटतंय ना आता?" सुशांतने विचारलं.

"मस्त," कमल म्हणाली. "कालच्यापेक्षा बरं."

गुणाजी तिच्याकडे वळले. "गो, तुका काय वाटता?"

"माका कशाक इचारतास? जीप तुमची, बाप्पा तुमचो."

तिचा सूर तुटक होता. बाईला या गणपतीच्या खटाटोपाचा कंटाळा आलाय, असं कुणालाही वाटलं असतं. गुणाजींनाही तेच वाटलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बायको दुखण्याने वाकलीय आणि आपण मानपान घेऊन बसलोय.

"गिअरवाला मागव," ते म्हणाले.

"नक्की? परत रुतली तर मला बोलायचं नाय."

"वाळूत न्यायचीच नाय. जगदीशला सांगतो, यंदापासून तुझा ट्रॅक्टर. बाप्पाला काय, कोण पण नेईल. हिला रोज कोण नेणार?"

बोलताना त्यांचे डोळे भरून आले ते त्यांनी लपवलंही नाही.

कमल खाली बघत होती. "बरा केलात," ती म्हणाली. "आता गाडी काढा बाहेर. पाठ भरून इली."

गुणाजी लगबगीने जीपमध्ये चढले आणि ती मागे घेत रस्त्यावर नेऊ लागले. इंजिनाच्या आवाजाने गॅरेज भरून गेलं. कमल स्टुलाला धरून उठली आणि सुशांतच्या जवळ आली.

"गिअरवाला मागवू नकोस. तो वाळूचा मागव, कडक करून. बसवेपर्यंत यांना बोलू नको."

सुशांत दचकला. "काकी, काकांनी तुमच्यासाठी मान सोडला आणि तुम्ही..."

"मान सुटला तर हा माणूस दार लावून घरात बसेल. मला माहीत आहे ना. चार माणसांत राहायला पाहिजे तो."

"ते सगळं खरं, पण हिसके किती बसतील! तुम्हाला रोज हॉस्पिटलला जायचंय."

कमलने बाहेर बघितलं. गुणाजी खिडकीतून मान काढून तिच्या बाजूचं दार फुटपाथला लागत नाही ना, ते बघत होते.

"शेक डॉक्टरांनी कधीच बंद केलाय रे, आता उपयोग नाही म्हणाले," ती म्हणाली. "यांचा धीर सुटू नये म्हणून मी रोज आत नुसती बाकावर बसून येते."