हापशाचा रंग
मी शाळेत खिचडी शिजवते. आमच्या हापशाच्या पाण्यानं लेकरांचे दात पिवळे पडले, म्हाताऱ्यांची हाडं वाकली. तपासणी झाली अन् हापशाला लाल रंग दिला. लाल म्हंजी पिऊ नका. पाणी शुद्ध करायचं मशीन येणार होतं, ते आलंच न्हाई. आज तालुक्याचे साहेब पाणी बघायला येणार म्हणून सरपंचानं काल हापसा निळा करून घेतला, निळा म्हंजी पाणी चांगलं. सकाळी मी पातेल्यात गेरू कालवला अन् लेकरांना म्हणलं, "बुडवा हात, लावा हापशाला." साहेब आले तवा हेडसरांनी त्यांना डाव्या हातानं नारळ दिला, उजवा खिशातच. मला वाटलं, घाबरलेत. सरपंच ओरडला, "कुणी केलं हे? हात वर करा!" लेकरांनी लाल पंजे वर केले, मीबी केला. सरपंच हेडसरांकडं वळला, "सर, या पोरांची नावं शाळेतून काढा, हिला घरी बसवा!" सरांनी खिशातला हात वर केला. तोबी लाल.