डावीकडचा कल

"डाव्या पायावर बासष्ट टक्के भार," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. तळव्यांचा दाब मोजणाऱ्या यंत्रावर उभ्या कथकच्या बाईंना पडद्यावर आपला डावा तळवा लालभडक दिसला. उजवा घोटा कैक वर्षं आखडलेला होता. तिनं तो दाबून, ताणून मोकळा केला.

डावा एक्कावन्न, उजवा एकोणपन्नास.

संध्याकाळी वर्गात बाई सरळ उभ्या राहिल्या, तर समोरच्या नऊजणी डावीकडे कललेल्या.

"मुलींनो, अशा काय उभ्या राहिलात?"

"तुमच्यासारख्याच, बाई."

"सगळ्यांपेक्षा जास्त डावीकडे झुकतेस" म्हणून मागच्याच महिन्यात त्यांनी वर्गातल्या शलाकाला सगळ्यांदेखत कार्यक्रमातून काढलं होतं.

त्यांनी तिला फोन लावला. त्यांनी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, रोज भिंतीला पाठ लावून सराव करतेय. थोडीशीच कलते आता, खरंच."