शंभरपर्यंत

"आधी शिट्टी. तीनदा, लांब. मग शंभर मोजायचे. मगच चाकाला हात लावायचा."

आजोबांचं हे सांगणं भिंगरीला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं. आताही शाळेच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या कालव्यापुढे उकिडवं बसून ती तेच पुटपुटत होती. शंभर झाले. तिने चिमुकलं चाक फिरवलं, दरवाजा वर सरकला, आणि शाई घातलेलं पाणी धावत जाऊन टोकाला चिकटवलेल्या नऊ खड्यांवरून वाहून गेलं.

वर्कशॉपच्या सरांनी घड्याळ थांबवलं, फळ्यावर हिशेब मांडला. "खऱ्या कालव्यात पाणी दगडांपर्यंत पोचायला दीड मिनिट. शंभर आकडे धरले तर तीनेक मिनिटं. तेवढ्यात म्हातारं माणूससुद्धा काठी शोधून, चपला घालून काठावर जातं."

"म्हणजे शिट्टी ऐकू आली असती, तर तो मुलगा वाचला असता," भिंगरी म्हणाली.

"ऐकू आली असती तर," इतिहासाच्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या.

यंदा नववीला इतिहास आणि अभियांत्रिकी मिळून एकच प्रकल्प होता. एखादी जुनी गोष्ट कागदांतून शोधायची, आणि ती कशी चालायची ते बनवून दाखवायचं. कोणी पाणचक्की घेतली, कोणी लाकडी पूल. भिंगरीने कालव्याचा दरवाजा घेतला, कारण तिचे आजोबा त्या दरवाजाचे राखणदार होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी पाणी सोडलं आणि ओलांडणीच्या दगडांवरून सहा वर्षांचा एक मुलगा वाहून गेला.

चौकशीचा कागद बाईंनीच मिळवून दिला होता. राखणदार म्हणतो, शिट्टी वाजवली. दगडांवर हजर असलेली एकमेव साक्षीदार, वय वर्षे अकरा, म्हणते, वाजली नाही. अल्पवयीन म्हणून नाव दिलेलं नव्हतं. आजोबांची नोकरी गेली. लोक त्यांना तोंडावर काही बोलत नसत, पण पोरं त्यांना पाहून तोंडाने शिट्टी वाजवत.

"तुम्ही वाजवली होती ना?" भिंगरीने त्यांना विचारलं होतं.

"वाजवली गं. पण पोचली नसेल तर वाजवून काय उपयोग? माझाच दम कमी पडला असेल." खाटेवरून उठवत नव्हतं, तरी त्यांनी उशाखालचा डबा काढला आणि पितळी शिट्टी तिच्या हातावर ठेवली. "जोरात नको वाजवू. लांब वाजव. माणूस दचकू नये, उठावा."

डॉक्टरांनी आता महिन्यांची नाही, आठवड्यांची भाषा सुरू केली होती. म्हणून भिंगरीला घाई होती.

"बाई, जे निघेल ते मी त्यांना कसं सांगू?"

"मी येऊन सांगेन. शब्द देते."

"वाईट निघालं तरी?"

"तरी."

शनिवारी सकाळी तिघं कालव्यावर गेली. पाणी अपघाताच्या दिवसाइतकंच होतं, सरांनी पट्टी लावून पाहिलं. दरवाजापाशी भिंगरी आणि सर थांबणार, बाई चारशे पावलं खाली, वळणाआडच्या दगडांवर. शिट्टी ऐकू आली की बाईंनी लाल रुमाल बांधलेली काठी उंच धरायची. झुडपांवरून तेवढी दिसली असती.

"बाई, मी जाते तिकडे, तुम्हाला पाण्याची भीती वाटते," भिंगरी म्हणाली. सहलीला बाई होडीतसुद्धा बसल्या नव्हत्या.

"नको. तूच वाजव. तुझ्या घरचा दम आहे." त्या चार पावलं जाऊन वळल्या. "आणि नंतर तिकडे आलीस तर सातव्या दगडावर पाय देऊ नकोस. डुगडुगतो तो."

"बाईंनी नकाशासुद्धा घोटून पाठ केलाय," सर हसले.

भिंगरीने डोळे मिटले आणि शिट्टी वाजवली. एक. दोन. तीन. लांब, आजोबांनी सांगितली तशी.

झुडपांवर काही दिसलं नाही.

तिने शंभर मोजले. पुन्हा वाजवली. पुन्हा शंभर. तिसऱ्या वेळी तिचा श्वास पुरेना, शिट्टी फाटली. लाल रुमाल वर आला नाही.

बाई परतल्या तेव्हा भिंगरी दरवाजाच्या चौथऱ्यावर गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. "खरंच पोचत नाही," ती म्हणाली. "त्यांना वाटत होतं तेच खरं. बाई, नका सांगू हो त्यांना. इतके थोडे दिवस राहिलेत."

"प्रयोग आहे बाळा," सर हळूच म्हणाले. "नाही आलं हेही उत्तरच असतं."

बाईंनी भिंगरीच्या मांडीवरचा नोंदीचा कागद घेतला, शिट्टीही मागून घेतली. रुमाल काठीवरून सोडवून तिचे डोळे पुसले.

"शब्द दिलाय मी," त्या म्हणाल्या. "तू सरांबरोबर घरी ये, सावकाश. मी पुढे होते."

राखणदाराच्या घराची वाट कालव्याच्या काठानेच जात होती. एरवी त्या वळसा घालून गेल्या असत्या. आज काठानेच निघाल्या. वळणापाशी थांबून त्यांनी कागद उघडला. 'शिट्टी ऐकू आली का?' या ओळीपुढे तीन रिकामे चौकोन होते. तिन्हींत त्यांनी 'हो' लिहिलं. आजची तारीख खोडून चाळीस वर्षांपूर्वीची घातली, खाली माहेरचं नाव लिहून सही केली, आणि चालू लागल्या. तेव्हाही शिट्टी अशीच ऐकू आली होती, लांब, स्वच्छ, आणि धाकटा भाऊ काठाकडे पळायला निघाला तेव्हा त्यांनीच त्याचा हात धरून ठेवला होता, "थांब रे भित्र्या, आत्ता कुठे साठ झालेत."