शेवटची चढाई

मुरुडच्या पुळणीवर कबड्डीचा उपांत्य सामना बरोबरीत अडकला होता आणि शेवटची चढाई जागृतीच्या नवऱ्याची, प्रज्योतची होती. समोरचा संघ तिच्या माहेरचा. त्याचा कप्तान तिचा सख्खा भाऊ.

"माहेर समोर हाय म्हणून तोंड शिवलंस काय गो?" सासूबाईंनी कोपराने ढोसलं. "वरड की!"

जागृतीने पदर खोचला आणि पंचांच्या कानाशी अशी आरोळी ठोकली की मागच्या बायकांनाही चेव आला. "पऱ्या, मार! पऱ्या, घे!" सगळं गाव घसा फोडू लागलं. प्रज्योतने तिच्या भावाच्या खांद्याला हात लावला, गर्रकन वळला आणि मध्यरेषेवर झेपावला.

शिट्टी वाजली.

"कबड्डी-कबड्डी ऐकूच आलं नाही," पंच म्हणाले. "चढाईपटू बाद."

माहेरचे एका गुणाने जिंकले. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुझा काय दोष गो, तू तर जीव तोडून वरडलीस."


जागृतीने खोचलेला पदर सोडला. लग्नाआधी भावाच्या सरावाला पंच म्हणून तीच उभी राहायची, आणि आज पंचांच्या मागची जागा तिनेच सगळ्यांआधी येऊन धरली होती.