विचारल्याशिवाय

कोरोनाच्या साथीत तिचा दहावीचा वर्ग मोबाइलवर भरायचा. घरात खोली एकच, पलीकडे बाबा तापाने कण्हत पडलेले, म्हणून ती कॅमेरा बंद ठेवायची.

"महाराणी, तोंड दाखवायला लाज वाटते?" गणिताच्या सरांनी सगळ्यांदेखत तिची गैरहजेरी लावली. ती कारण सांगू लागली, तर म्हणाले, "विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

हेच सर माइक बंद करायला विसरायचे. "सर, तुमचा आवाज येतोय," हे रोज तीच सांगायची.

मोबाइलवरच्या पालकसभेला बाबांऐवजी तीच बसली. मुख्याध्यापिकांचं भाषण चालू असताना सरांचा आवाज आला, "अगं, चहा टाक."

तिचं बोट माइकच्या बटणापाशी जाऊन थांबलं.

"ही बाई बोलायला लागली की म्हैससुद्धा झोपेल."



गुरूची आज्ञा कशी मोडायची? तिला कुणी काही विचारलं नव्हतं.