इंग्रजीत काय म्हणतात

वकील मॅडमकडे घटस्फोटाचा इंग्रजी अर्ज तयारच असायचा, फक्त नावं बदलायची. वैशालीच्या नवऱ्याच्या नावापुढेही क्रुएल, ॲब्युझिव्ह, इम्मॉरल हे शब्द ओळीने बसले होते. तिने एकेकाचा अर्थ विचारून घेतला.

"पहिला काढा मॅडम, त्याने कधी हात नाही उचलला. दुसरा पण काढा, शिवी नाही दिली कधी. आणि बाहेर कोणी बाई वगैरेही नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अगं, मग मी लिहू काय? कोर्टाला काहीतरी वाईट वागणं दाखवावं लागतं."

"चार वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. भांडलेला पण नाही. जेवतो, आपलं ताट घासून ठेवतो, झोपतो. ह्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

मॅडमनी अर्ज बाजूला सारला. "आज एकटीच आलीस का?"

"नाही, तो खाली स्कूटरवर थांबलाय. कळव्याहून त्यानेच आणलं."

 

वैशालीच पुढे म्हणाली, "वकिलाकडे कशाला जातेयस, तेसुद्धा विचारलं नाही."