टँकरचा नकाशा

टँकर दोन दिवस आला आणि दोन्ही दिवस देवळापाशी रिकामा होऊन परत गेला. खालच्या बौद्धवस्तीतल्या बायका घागरी घेऊन चिखल तुडवत वर येईपर्यंत त्याचं पाणी संपलेलं असायचं. वस्तीत उतरायला ड्रायव्हर तयार नव्हता, कारण त्याच्या हातातल्या नकाशात वस्तीच नव्हती. आणि तो नकाशा तयार झाला होता बहारीनमध्ये, अरादच्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर.

त्याच फ्लॅटची बेल शुक्रवारी सकाळी उज्ज्वलने वाजवली. तो एसीचा टेक्निशियन, राहायला तिथल्याच हूरा भागात. फ्लॅट गुरुप्रसादचा. दोघंही वारणाकाठच्या एकाच गावचे, पण गावात असताना एकमेकांशी दहा वाक्यंही बोलले नसतील. ओळख झाली ती इथे आल्यावर.

"अरे ये, ये! लीना, चहा टाक गं."

"चहा राहू दे, गुरूदादा. तो नकाशा काढा आधी."

गुरुप्रसाद सिव्हिल इंजिनिअर. पूर ओसरल्यावर इथल्या मराठी मंडळींनी गावाला टँकर लावून दिला, आणि परगावच्या ड्रायव्हरला वाटा कळाव्यात म्हणून त्याने हौसेने नकाशा काढला. चावडी, शाळा, डेअरी, देऊळ, सगळं मापात. खाली निळ्या पेनाने नदी. देऊळ आणि नदी यांच्या मधली जागा कोरी होती. त्या जागेत साठ घरं होती.

हे उज्ज्वलला गेल्या शुक्रवारीच दिसलं होतं. नकाशा काढताना तो शेजारी बसून पट्टी धरत होता. लीनावहिनींनी आग्रह करकरून तिसरं थालीपीठ वाढलं, आणि अशा वेळी 'आमची घरं राहिली' म्हणणं त्याच्या जिवावर आलं. 'झकास झालाय,' म्हणून तो मोकळा झाला. आता वस्तीत चौघांना जुलाब लागले होते. आपल्या त्या 'झकास'ची त्याला इतकी लाज वाटत होती की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्याने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं आम्ही राहतो."

गुरुप्रसादने नकाशा जवळ ओढला आणि त्या जागेकडे निरखून पाहिलं. माणूस कपटी असता तर त्याने काहीतरी सबब पटकन शोधली असती.

"उज्ज्वल, शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं. माझं... माझं तिकडं कधी जाणंच झालं नाही रे."

"माहीत आहे. टँकर अर्ध्या तासात सुटतोय, दादा. आजची खेप शेवटची."

"मग बसलायस काय? यल्ला, चल, काढ तू."

उज्ज्वलने पेन घेतलं. विहार काढला, गाळाने भरलेला हातपंप काढला, घरं काढली. रस्त्यापाशी येऊन थांबला.

"नदीकडचा रस्ता वाहून गेला. आता एकच वाट. तुमच्या घरामागनं, गोठ्यावरनं."

"आमच्या? मागं तर भिंत आहे."

"भिंतीला फाटक आहे."

"ते होय! ते कायम बंद असतं." गुरुप्रसादने थोरल्या भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आप्पा, मागचं फाटक तेवढं उघडून दे. टँकर बौद्धवस्तीत न्यायचाय."

पलीकडून आप्पाचा आवाज चढला.

"आपल्या परड्यातनं? येडा का खुळा? आपल्या काकू काय म्हणतील? आज टँकर सोडला की उद्या वहिवाट सांगतील. आणि कुलपाची चावी गेली पुरात."

गुरुप्रसादने उज्ज्वलकडे पाहिलं. उज्ज्वल हळू आवाजात म्हणाला, "चावी गोठ्यात आहे, वरच्या खिळ्याला. आई रोज त्याच फाटकातनं तुमच्याकडं शेणघाण काढायला येते. आत्ताही तिथंच असेल. गोठ्यातला गाळ उपसतीय."

गुरुप्रसादच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आप्पा, चावी गोठ्यात खिळ्याला आहे. त्या घरात माझाही हिस्सा आहे. समज, टँकर माझ्या हिश्श्यातनं चाललाय."

"तिकडं बसून हिस्सा काढतोस व्हय? कर तुझ्या मनासारखं. मी न्हाई उठायचा." फोन बंद झाला.

उज्ज्वलने नव्या नकाशाचा फोटो ड्रायव्हरला पाठवला आणि आईला फोन लावला. भागीरथाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि साफ नकार दिला.

"शेणाची पाटी न्यायला उघडते ते येगळं, बाळा. टँकरला मी न्हाई उघडायची. मालकांनी आपल्या तोंडानं सांगाय पायजे."

"दे इकडं," म्हणत गुरुप्रसादने फोन घेतला. घेतला खरा, पण हाक काय मारावी हे त्याला सुचेना. त्याच्या घरातली शेंबडी पोरंसुद्धा या बाईला 'ए भागीरथे' म्हणत आली होती, आणि त्या पोरांत एके काळी तोही होता.

"काकू, मी गुरू बोलतोय. तेवढं मागचं फाटक उघडा. टँकर जाऊ दे."

पलीकडे फावडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"व्हय, मालक," भागीरथाबाई लगबगीने म्हणाल्या. "काकू आत हायती. आत्ता सांगते त्यास्नी."